मूळव्याध : घरी काय करावे आणि केव्हा थांबू नये

प्रश्न : माझे वय 38 असून काम बैठे आहे. गेल्या महिनाभरात तीन-चार वेळा शौचाच्या शेवटी लालभडक रक्ताचे थेंब पडले. दुखत नाही, पण कुंथल्यावर एक मऊसर कोंब बाहेर येतो आणि आपोआप आत जातो. घरात सांगायचा संकोच वाटतो. मलम लावून पाहिले, पण फरक नाही. हे घरच्या घरी बरे होईल का?

उत्तर : आपण लिहिलेली लक्षणे आतल्या मूळव्याधीशी जुळणारी आहेत. कोंब आपोआप आत जातो, त्या अर्थी ती दुसऱ्या श्रेणीची असावी, आणि या टप्प्यावर घरच्या उपायांचा खरोखरच चांगला उपयोग होतो. मात्र रक्त नक्की कुठून येते हे तपासणीशिवाय ठरवता येत नाही, म्हणून एकदा डॉक्टरांना दाखवाच.

गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकालाच असतात आणि वायू व पातळ मल रोखून धरायला त्या मदत करतात. वारंवार कुंथल्याने त्या फुगतात, त्यांना धरून ठेवणारा आधार सैल पडतो आणि त्या खाली घसरतात. यालाच आपण मोड म्हणतो. तिथल्या अस्तराला वेदना जाणवत नसल्यामुळे रक्त जाऊनही दुखत नाही. याउलट शौचाच्या वेळी चिरल्यासारखी तीव्र वेदना होत असेल, तर तो बहुधा फिशर, म्हणजे गुदद्वाराला पडलेला चिरा असतो.

मूळ दुखणे कुंथण्यात आहे, म्हणून नुसत्या मलमाने ते हटत नाही. रोजच्या आहारात 25 ते 30 ग्रॅम तंतू जावेत, असे पाहा. भाज्या, फळे, कडधान्ये आणि कोंड्यासह धान्य यांतून ते मिळतात. प्रमाण हळूहळू वाढवा, नाहीतर पोट फुगते. इसबगोल घ्यायचे असल्यास आधी एक चमचा पेलाभर पाण्यात घालून काही मिनिटे ठेवून पाहा : त्याचा बुळबुळीत, दाट गोळा होतो. आतड्यात तो हेच पाणी धरून मल मऊ ठेवतो, आणि म्हणूनच पाणी कमी पडले तर उलट त्रास वाढतो. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. मधेच सोडू नका.

शौचाची भावना झाली की टाळू नका, आणि पाच-सात मिनिटांत झाले नाही तर उठा. मोबाइल घेऊन आत जाण्याची सवय मी प्रत्येक रुग्णाला कळकळीने मोडायला सांगतो, कारण त्या आसनावर खालच्या शिरांवर सतत दाब राहतो. कमोड असेल तर पायांखाली बुटके स्टूल घ्या.

ठणका किंवा खाज असल्यास टबात कोमट पाणी घेऊन दिवसातून दोन-तीन वेळा 10 ते 15 मिनिटे बसावे. पाण्यात काही घालण्याची गरज नाही. नंतर अंग न घासता टिपून घ्यावे. स्टेरॉइड असलेले मलम आठवडाभराहून अधिक लावू नये, त्याने त्वचा पातळ होते.

एकाएकी निळसर, टणक आणि अतिशय दुखणारी गाठ आली, तर तिच्यात रक्त गोठलेले असते. अशा वेळी पहिल्या दोन-तीन दिवसांतच डॉक्टरांकडे जावे. मल डांबरासारखा काळा होणे, रक्त थांबत नसणे, चक्कर, ताप, वजन घटणे, शौचाच्या सवयीत टिकून राहणारा बदल किंवा जवळच्या नात्यात आतड्याचा कर्करोग असणे, यांपैकी काहीही असल्यास घरचे उपाय करत बसू नये.

तपासणीची धास्ती मात्र बाळगू नका. बोटाने आणि छोट्या नळीतून पाहायला काही मिनिटे पुरतात, आणि पुढे गरज पडलीच तर आतल्या मोडाला रबराचा छल्ला बसवण्याचा उपाय बहुधा दवाखान्यात दाखल न होताही करता येतो.