नागिणीची गोळी आणि पेटंटचा घोळ

भाऊ, बाबांना बरगडीवर नागीण उठली, डॉक्टरांनी व्हॅलासायक्लोव्हिर ही विषाणूवरची गोळी १ ग्रॅम दिवसातून तीनदा, सात दिवस लिहिली. २१ गोळ्यांचा हिशोब ऐकून तुम्ही नेट चाळलं आणि आता विचारता, पेटंट अन् एक्सक्लुझिव्हिटी (एकट्यानं विकायची ठरावीक मुदत) संपून ही गोळी स्वस्त कधी होईल?

आधी हे ऐका. पुरळ काल उठलं म्हणता, तर गोळी आजच सुरू करा. पुरळ दिसल्यापासून ७२ तासांत सुरू झाली तर फोड लवकर सुकतात, ठणक कमी होते. नागपूरहून स्वस्तात आणायला रविवारची वाट पाहू नका. गावात कोणी नागीण उतरवून देतो म्हणेल, त्याला हात जोडा.

आता पेटंट. तुम्ही वाचलं ते अमेरिकेचं. तिथं हे औषध १९९५ मध्ये व्हॅलट्रेक्स नावानं मंजूर झालं. आपल्याच रॅनबॅक्सी कंपनीनं पेटंटला आव्हान दिलं, तडजोड झाली आणि २००९च्या नोव्हेंबरात तिची जेनेरिक गोळी, म्हणजे तेच औषध दुसऱ्या कंपनीनं बनवलेलं, तिथं उतरली. पहिल्या जेनेरिकवाल्याला १८० दिवस मोकळं रान मिळतं, तोवर दुसरा जेनेरिकवाला येत नाही. त्या काळात भाव फार पडत नाही. पडतो तो पाच-सहा कंपन्या भिडल्यावर.

आपल्याकडे १९७०च्या कायद्यात औषधाच्या मूळ रेणूला पेटंटच नव्हतं, फक्त बनवायच्या पद्धतीला होतं. रेणूला ते २००५पासून मिळू लागलं. ही गोळी त्याआधीची, म्हणजे इथं संपायला पेटंट नव्हतंच. सोफोसबुविरसारख्या (हिपॅटायटिस सीवरच्या) नव्या औषधाची गोष्ट वेगळी. त्याला इथं २०१६मध्ये पेटंट मिळालं, तरी मूळ कंपनीच्या परवान्यावर आपल्या कंपन्या ते बनवतच होत्या.

मग महाग काऊन? मेडिकलच्या काउंटरवरून रोज दिसतं ते सांगतो. एकच सॉल्ट (आतलं मूळ औषध), एकच एमजी, तीन गोळ्यांचे दोन पत्ते शेजारी ठेवले तर छापील किमतीत भलताच फरक निघतो. दोन्ही जेनेरिकच. एकाच्या नावामागे एमआर (डॉक्टरांकडे फिरणारे कंपनीचे प्रतिनिधी), गिफ्टा, कॉन्फरन्स, आणि आम्हा दुकानदारांचं मार्जिनही. ते नाकारत नाही. डॉक्टरांनी ब्रँड लिहिला असेल तर मेडिकलवाला स्वतःहून बदलून देऊ शकत नाही. म्हणून डॉक्टरांनाच फोन करा: ‘साहेब, याच सॉल्टची स्वस्त कंपनी चालेल का?’ बहुतेक जण हो म्हणतात. नाहीतर जुनी असायक्लोव्हिर ८०० विचारा. स्वस्त पडते, पण दिवसातून पाच वेळा घ्यावी लागते, आणि वावरात जाणारा माणूस दुपारची हमखास विसरतो. जन औषधी केंद्रातही विचारा, पण तालुक्याच्या केंद्रात नेहमी माल असेलच असं नाही. तोवर निदान आजच्या-उद्याच्या गोळ्या सुट्या घेऊन सुरू करा.

बाबांना शुगर आहे म्हणालात. क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) जुना रिपोर्ट असेल तर डॉक्टरांना दाखवा. किडनी कमजोर असली तर डोस कमी करावा लागतो.