स्तनाच्या कॅन्सरची तपासणी मोहीम चांगली चालली की नाही, हे मोजायचं कसं?

तुम्ही विचारलंय की मंडळाने तीन शिबिरं घेतली, ८०० बायकांची तपासणी झाली, पेपरात फोटो आला, तर हे यश म्हणायचं का, आणि नुसता आकडा पुरत नसेल तर मोजायचं काय. खरं सांगू, ८०० वरून शिबिराला गर्दी झाली होती एवढंच कळतं.

मी इंग्लंडमध्ये मॅमोग्राफर आहे, म्हणजे स्तनाचे एक्स-रे फोटो काढते, ९ वर्षं झाली, त्याआधी पुण्यात एका सेंटरला होते. इथे पन्नाशीपासून एकाहत्तरावा वाढदिवस होईपर्यंत दर ३ वर्षांनी घरी तपासणीला बोलावणारं पत्र येतं आणि पहिला हिशोब तिथेच सुरू होतो, १०० जणींना पत्रं गेली तर निदान ७० यायलाच हव्यात, ८० आल्या तर उत्तम. पण यातही गोम आहे, टक्केवारी बोलावलेल्यांची काढतात, जिला पत्रच गेलं नाही ती हिशोबात येतच नाही. २०१८ च्या मे महिन्यात इथल्या आरोग्यमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की साधारण साडेचार लाख बायकांना शेवटचं पत्र गेलंच नसावं. नंतरच्या चौकशीत तो आकडा बराच खाली आला म्हणा, पण तेव्हा आमच्याकडचे फोन दिवसभर थांबत नव्हते.

मग फोटोचा दर्जा. तिरक्या फोटोत छातीचा स्नायू स्तनाग्राच्या पातळीपर्यंत दिसला पाहिजे, स्तनाखालची घडी उलगडलेली पाहिजे. बाई घाबरली की खांदा कानाला लागतो, स्नायू ताठ होतो आणि काखेजवळचा भाग फोटोच्या बाहेर राहतो, आता गाठ नेमकी तिथेच असली तर रिपोर्ट नॉर्मलच येणार ना. एकदा एक मराठी काकू आल्या होत्या, श्वास धरून उभ्या, म्हटलं काकू, पाण्याची कळशी खाली ठेवल्यावर सोडता तसा खांदा सोडा, तर हसल्या आणि पहिल्याच फटक्यात फोटो आला. फोटो नीट नाही म्हणून परत काढायची वेळ १०० मागे ३ पेक्षा जास्त वेळा आली की आम्हाला जाब विचारतात. फोटो वाचणारे दोघं असतात, आणि वाचणाऱ्याने वर्षाला किमान ५००० जणींचे फोटो वाचलेच पाहिजेत असा दंडक आहे, नाहीतर नजर बसत नाही.

१०० मधल्या साधारण ४ जणींना पुढच्या तपासणीला परत बोलावतात, त्यातल्या एकीला कॅन्सर निघतो. खूप जणींना बोलावलं तर उगाच घाबरवलं, फारच कमी बोलावलं तर काहीतरी निसटतंय अशी शंका घ्यायची.

पण माझ्या मते खरी परीक्षा दोन तपासण्यांच्या मधल्या कॅन्सरची. म्हणजे आम्ही 'सगळं ठीक' असं कळवलं आणि ती वर्ष-दीड वर्षाने स्वतःच गाठ घेऊन आली. तेव्हा जुने फोटो काढून परत बघतात, तेव्हा खरंच काही दिसत नव्हतं, की शिकण्यासारखं काही होतं, की सरळसरळ चुकलंच. मागे अशा एका मीटिंगमध्ये मी काढलेला फोटो पडद्यावर होता. काखेकडचा भाग थोडा कापला गेला होता. गाठ तिथे नव्हती, दुसरीकडेच होती, आणि मागच्या फोटोत ती दिसत नव्हती असंच सगळे म्हणाले, तरी त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

आणि हो, जास्त कॅन्सर सापडले म्हणजे जास्त जीव वाचले असंही नाही. २०१२ च्या इथल्या स्वतंत्र समितीने हिशोब मांडला होता की एक मृत्यू टळतो तिथे साधारण तिघींना अशा कॅन्सरचे उपचार होतात जो त्यांना आयुष्यभरात कधी त्रास देणारच नव्हता. हे बायकांना आधीच सांगायला हवं.

आपल्याकडे मॅमोग्राफी सगळीकडे शक्य नाही, हाताने तपासणी हाच मार्ग, आणि त्याचंही मोजमाप होतं बरं का. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईत ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख बायका घेतल्या, निम्म्या जणींची ट्रेनिंग दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर २ वर्षांनी तपासणी केली, निम्म्या तुलनेला, आणि वीस वर्षं पाठपुरावा केला. तपासलेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या स्टेजला सापडलेल्या ३७ टक्के, दुसऱ्या गटात ४७. पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले, पन्नाशीच्या आत ठोस फरक दिसला नाही. म्हणून ८०० मध्ये पंचविशीच्या पोरी किती आणि पन्नाशीपुढच्या किती ते आधी बघा. आणि ८०० बायका की ८०० तपासण्या? तिन्ही शिबिरांना त्याच काकू आल्या असतील तर?

पुण्यात असताना एका शिबिराचं रजिस्टर मी भरलं होतं, शेवटचा रकाना 'पुढे पाठवले', त्यापुढे काय झालं याला रकानाच नव्हता, आणि तेव्हा मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. तुम्ही तो आखून घ्या. पुढे पाठवलेल्या प्रत्येकीला फोन करा, सोनोग्राफी झाली का, बायोप्सी झाली का, किती दिवसांनी, नसेल तर कशावर अडलं, पैसे, सोबत, की भीती. नंबर बरेचदा नवऱ्याचा नाहीतर मुलाचा असतो, त्याला काही सांगत बसू नका, तिलाच फोनवर बोलवा.