तुमचे प्रश्न: राणीच्या बागेत आर्क्टिक फॉक्स आणला तर?

प्रश्न: जानेवारीत मुंबईत पारा 15-16 वर आला की आमच्या चाळीत सगळ्यांच्या कानटोप्या बाहेर येतात, आणि तो बर्फातला पांढरा कोल्हा म्हणे उणे 40 मध्ये मस्त झोपतो. कसं जमतं त्याला? आणि मुलगा विचारतोय, राणीच्या बागेत पेंग्विन एसीत राहतात, मग हा का नाही राहणार? (एक वाचक, लालबाग)

उत्तर: मुलाचा प्रश्न जास्त भारी आहे, पण आधी तुमचा घेतो. वजन साधारण 3 ते 5 किलो, एवढंसं शरीर खरं तर पटकन गार पडायला हवं. पण कान छोटे, नाक आखूड, पाय बुटके, म्हणजे उष्णता बाहेर जायला जागाच कमी. वर हिवाळ्यात केसांचे दोन थर, त्यातला आतला मऊ थर हवा धरून ठेवतो, आणि झोपताना अंगाचं मुटकुळं करून झुपकेदार शेपूट नाकावर ओढून घेतली की झालं.

मला स्वतःला त्याचे पाय फार आवडतात. तळव्यांनाही केस असतात ते सोडाच, पण पायात खाली जाणारं गरम रक्त आणि वर येणारं थंड रक्त यांच्या नसा अप आणि डाऊन लाइनसारख्या शेजारी शेजारी, त्यामुळे खाली जाणारं रक्त आपली उष्णता वर येणाऱ्याला देऊन टाकतं, ती अंगातच राहते, आणि तळव्याला फक्त गोठू नये इतपतच ऊब मिळते. थंडीपेक्षा त्याला खरी भीती उपासमारीची. म्हणून हिवाळ्याआधी खाऊन खाऊन चरबी साठवतो, पक्ष्यांची अंडी जमिनीत पुरून ठेवतो, आणि अगदीच वेळ आली तर पांढऱ्या अस्वलाच्या मागे मागे फिरून त्याने टाकलेलं सील खातो.

आता मुलाचं. राणीच्या बागेतले पेंग्विन हम्बोल्ट जातीचे, पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, बर्फातले नाहीतच, त्यामुळे त्यांचं एसीत भागतं. या कोल्ह्याचं घड्याळ वेगळं आहे, थंडी वाढली म्हणून तो पांढरा होत नाही, दिवस लहान व्हायला लागले की होतो आणि मोठे झाले की परत तपकिरी. मुंबईत सगळ्यात छोटा दिवस 11 तासांचा, मोठा सव्वातेरा, आणि उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर उन्हाळ्यात महिनोन्‌महिने सूर्य मावळतच नाही. म्हणजे एसीबरोबर दिव्यांचंही टाइमटेबल सांभाळा! शिवाय हा फिरस्ता प्राणी. 2018 मध्ये माग काढण्यासाठी कॉलर लावलेली एक तरुण मादी स्वालबार्डहून समुद्रावरच्या बर्फावरून कॅनडाच्या एल्समीर बेटावर चालत गेली, 3,506 किलोमीटर, 76 दिवसांत, त्यातल्या एका दिवसात तर 155 किलोमीटर. तिला कितीही मोठा पिंजरा दिलात तरी काय होणार?

प्रश्न: मग ग्लोबल वॉर्मिंगमध्ये याचं काय? (एक वाचक, गोरेगाव)

उत्तर: घोळ होतो तो इथेच. बर्फ लवकर वितळला तरी अंगावरचा पांढरा कोट उजेडाच्या हिशोबानेच उतरणार, म्हणजे मधले काही दिवस तपकिरी मातीवर पांढरा कोल्हा, लांबूनही दिसेल असा. (आइसलँडमध्ये बहुतेक कोल्हे बारमाही गडदच, त्यांना हा त्रास नाही.) पण माझ्या मते मोठं संकट लाल कोल्ह्याचं आहे, तो अंगाने मोठा, ऊब वाढली तसा उत्तरेकडे सरकतोय, बिळं बळकावतो, खाणं पळवतो, प्रसंगी याला मारतोही. स्कँडिनेव्हियात (नॉर्वे-स्वीडनकडे) फरसाठी आपल्या पांढऱ्या कोल्ह्याची एवढी शिकार झाली की स्वीडनने 1928 मध्येच कायद्याने संरक्षण दिलं, तरी तिथे संख्या नीट सावरली नाही. आता नॉर्वेत पिंजऱ्यात पिल्लं वाढवून डोंगरात सोडतात आणि त्यांच्यासाठी कुत्र्याच्या कोरड्या खाण्याचे डबे ठेवतात, ज्यांचं तोंड मुद्दाम एवढं अरुंद असतं की लाल कोल्ह्याला आत शिरता येत नाही.