वही मिटव आणि सातला बाहेर ये

"ताई, गेल्या आषाढीपासून पहाटे 5 ला उठून रामनामाच्या रोज 11 माळा करायचा नेम चारदा धरला, चारदा मोडला. एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून मोजते, वहीत सगळं लिहून ठेवलंय. संध्याकाळी जपाला बसावं तर बाहेर सासूबाईंचा हरिपाठ चालू असतो. त्या हल्ली मध्येच अडखळतात, माझं लक्ष उडतं. स्थिरता कशी येईल?"
– एक वाचक, नाशिक

अगं, 11 माळा म्हणजे 1188 मणी. डबे, शाळा, नोकरी सांभाळून पहाटे ते जमलं नाही, यात नवल काय? ते सोड. माझं मन अडकलं ते तुझ्या 'अडखळतात' या शब्दात.

का अडखळतात, विचारलंस कधी? हरिपाठाचे 27 अभंग वर्षानुवर्षं तोंडपाठ म्हणणारी बाई उगाच थांबत नाही. वय झालं, चरण निसटतो, आणि पुढचा शब्द द्यायला शेजारी कुणी नसतं. तू असतेस, पण दाराआड. खरं सांगते, वाचताना मला राग आला तुझा.

हरिपाठ मुळात दहाजणांनी मिळून म्हणायचा. दिंडीत मुक्कामाला एकाचा दम संपला की दुसरा चरण उचलतो, टाळ थांबत नाही. चुकलं म्हणून कुणी पहिल्या अभंगावर परत जात नाही. आणि त्याचं धृपद काय आहे? 'हरि मुखे म्हणा हरि मुखे म्हणा, पुण्याची गणना कोण करी.' हे रोज संध्याकाळी दारातून तुझ्या कानावर येतंय, आणि तू आत बसून वहीत आकडे मांडतेस!

आज सातला त्यांच्या शेजारी चटईवर बस. पोथी तुझ्या मांडीवर, टाळ त्यांच्या हातात. त्या थांबल्या की घाई करू नकोस. एक श्वास जाऊ दे, मग हळूच पहिला शब्द दे. फक्त पहिला, पुढचं त्यांचं त्यांना आठवेल. त्या कुठे थांबल्या हे कळायला कान तिथेच ठेवावा लागेल, मनाला भटकायला सवड मिळणार नाही. कामावरून उशीर झाला तर शेवटच्या पाच अभंगांना बस, पर्स खांद्याला असली तरी चालेल.

पहाटेचा गजर बंद कर, पुरेशी झोप. आणि आठेक दिवसांनी कधी उशीर होणार असेल, तर त्यांना फोन करून सांग. त्या सुरू करायच्या थांबल्या असतील.