रेडिएटर धुतला आणि इंजिनचं हेड वाकलं

प्रश्न : आजोबांची १९६२ ची फियाट ११०० जळगावच्या एका गॅरेजला रेडिएटर साफ करायला दिली. त्यांनी न विचारता ॲसिडने धुतला, थर्मोस्टॅट (इंजिनातल्या पाण्याचं तापमान सांभाळणारी झडप) काढून टाकला, बोअरचं पाणी भरलं. साडेसहा हजार घेतले. चोपड्याला परतताना अडावदला काटा लाल रेषेवर गेला, वाफ निघाली. तशीच घरापर्यंत आणली. मग टो करून परत गॅरेजात. आता हेड (इंजिनचं वरचं झाकण) उघडून ठेवलंय, वाकलंय म्हणतात. ३८ हजार भरले तर काम, नाहीतर दुसरं इंजिन टाकू. गाडी तशीच न्यायची तर उघडण्याची मजुरी आणि दिवसाला दोनशे रुपये पार्किंग मागतात. फसवणुकीची फिर्याद द्यावी का?

उत्तर : फिर्यादीच्या मागे लागू नका. फसवणुकीसाठी सुरुवातीपासून खोटा हेतू दाखवावा लागतो. इथे दिसतो तो निष्काळजीपणा. पोलीस ठाण्यात 'दिवाणी बाब आहे' हेच ऐकायला मिळेल आणि तोवर गॅरेजवाला हेड फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, पाठवून मोकळा होईल.

खरी घाई तिथेच आहे. तुमचा सगळा पुरावा त्या उघड्या इंजिनात पडलाय. 'तपासणी होईपर्यंत कोणत्याही भागाला हात लावू नये, जुनं गॅस्केट व रेडिएटर जपून ठेवावेत' असं आजच लेखी कळवा, व्हॉट्सॲपवर आणि पोचपावतीसह टपालानेही. मग ऑटोमोबाइल शिकवणारे प्राध्यापक किंवा गाडीचं नुकसान ठरवणारे परवानाधारक सर्व्हेअर नेऊन, गॅरेजवाल्याला आधी कळवून, त्याच्यासमोर पाहणी करा. रेडिएटरची वरची टाकी उघडायला सांगा. नळ्या सुटलेल्या क्षाराने तुंबल्यात की डाग दिलेले सांधे ॲसिडने गळतायत, ते तिथेच कळेल. फियाटचं हेड ॲल्युमिनियमचं. कमी पाण्यावर तापलं की वाकायला वेळ लागत नाही. थर्मोस्टॅटवर मात्र केस उभी करू नका. उन्हाळ्यात तो काढून टाकायची चाल आपल्याकडे जुनीच आहे, आणि तो नसल्यानेच इंजिन तापलं हे सिद्ध करणं अवघड.

आता तुम्हाला न आवडणारी गोष्ट. अडावदला वाफ दिसली तेव्हाच गाडी बाजूला लावायला हवी होती. नुकसान वाढू नये म्हणून काय करता आलं असतं, हे करार कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे भरपाई ठरवताना पाहिलं जातं. तिथून चोपड्यापर्यंतचा प्रवास तुमच्या अंगावर येणार. पूर्ण रक्कम मिळेल असं मी सांगणार नाही. पण ही गोष्ट तक्रारीत स्वतःहून लिहा. समोरच्या वकिलाने ती काढली तर जास्त महागात पडेल.

गाडी अडवण्याचा हक्क गॅरेजवाल्याला आहे, पण मर्यादित. त्याच कायद्याचं कलम १७० म्हणतं, ज्या वस्तूवर कष्ट-कौशल्याचं काम केलं, त्याची मजुरी मिळेपर्यंत ती राखून ठेवता येते. कायद्यातच उदाहरण आहे ते पैलू पाडायला दिलेल्या हिऱ्याचं. सोन्याच्या जळगावात ते कुणालाही पटेल. म्हणजे फार तर हेड उघडण्याची मजुरी. न केलेल्या कामाच्या ३८ हजारांसाठी गाडी अडवता येत नाही, आणि न ठरवलेलं पार्किंग त्या मजुरीत बसत नाही. मजुरी 'हरकत राखून' असं पावतीवर लिहून भरा आणि पाहणी झाली की गाडी ताब्यात घ्या. तरीही सोडली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे अंतरिम आदेश मागा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३८(८) मध्ये ती सोय आहे.

मुख्य तक्रारही तिथेच, सेवेतील त्रुटीची. मुदत दोन वर्षांची. तुम्ही मोजलेला मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने फी लागत नाही, वकील नसला तरी चालतं. बिल, पैसे भरल्याचा पुरावा, टोची पावती जोडा. व्हॉट्सॲपवरचं काही पुसू नका.

दुसऱ्या इंजिनाला स्पष्ट नकार द्या. पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते ती मूळ रूप राखलं असेल तरच, आणि इंजिनातला बदल त्याच्या आड येतो. शिवाय आरटीओच्या मंजुरीशिवाय इंजिन बदलणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा भंग.

आरसी अजून आजोबांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर फॉर्म ३१ भरून वारस म्हणून नाव लावून घ्या. तक्रार त्यासाठी थांबवू नका. सेवा तुम्ही घेतली, पैसे तुम्ही दिले, म्हणून ग्राहक तुम्हीच.