माल फाटकाबाहेर गेला, मग पुढची जबाबदारी कोणाची?

आपल्या प्रश्नाचा आशय मला असा समजला : आपली कंपनी औद्योगिक वापराची द्रावके आणि सफाईची रसायने तयार करून वितरकांमार्फत विकते, प्रत्येक मालासोबत सुरक्षा माहितीपत्रक जाते, ड्रमवर नियमानुसार लेबल असते; असे असताना तिसऱ्या-चौथ्या हातात गेलेल्या मालाचा कोणी भलताच वापर केला, तर उत्पादकाने आणखी काय करायला हवे होते, असे तपासनीसांनी विचारले आणि आपल्याला समाधानकारक उत्तर देता आले नाही. कायद्याने नेमके काय बंधनकारक आहे हे देशागणिक बदलते, म्हणून तो भाग बाजूला ठेवतो. उत्पादन सुरक्षिततेचे काम बरीच वर्षे केल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की ग्राहकाकडे जाणारी माहिती बहुतेक कंपन्यांकडे बऱ्यापैकी असते. ग्राहकाकडून परत येणारी माहिती मात्र जवळजवळ नसतेच, आणि तपासनीसांचा रोख बहुधा तिकडेच असावा.

घातकता हा पदार्थाचा अंगभूत गुण असतो आणि तो ड्रमसोबत सगळीकडे तसाच जातो. जोखीम मात्र त्या घातकतेशी माणसाचा किंवा पर्यावरणाचा किती, कसा आणि कोठे संपर्क येतो यावर ठरते, त्यामुळे ती साखळीच्या प्रत्येक टप्प्यावर नव्याने ठरते. आपण आपल्या कारखान्यात बंद यंत्रणेत हाताळतो तेच द्रावक शेवटच्या ग्राहकाकडे उघड्या बादलीत आणि फडक्यावर असू शकते. त्या बादलीची माहिती आपल्याला नसेल, तर माहितीपत्रकातले आपले सल्ले आपल्याच कारखान्याला उद्देशून लिहिल्यासारखे होतात.

याचे माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण डायक्लोरोमिथेनचे आहे. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात न्हाणीघरातल्या टबांचा जुना थर काढून नवा थर देणाऱ्या १३ कामगारांचा या द्रावकाच्या वाफेने मृत्यू झाल्याचे तेथील सरकारी यंत्रणांनी २०१२ मध्ये नोंदवले. त्या प्रकरणांत वापरलेली दहा वेगवेगळी उत्पादने ओळखता आली. त्यांपैकी सहा विमान उद्योगासाठी म्हणून विकली जात होती, उरलेली लाकूड, धातू, काच किंवा दगडी बांधकामासाठी होती, आणि टबाच्या कामाचा उल्लेख एकाही लेबलवर नव्हता. डायक्लोरोमिथेनची वाफ हवेच्या सुमारे तिप्पट जड असते. ती टबाच्या खोलगट भागात साचते, आणि कामगार नेमका त्याच टबावर वाकून खरवडत असतो. खोली लहान आणि वायुवीजन अपुरे असले की गुंगी येऊन तो तिथेच कोसळतो. शिवाय शरीरात या द्रावकापासून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. हवेशीर जागेत वापरावे, हा सल्ला त्या लेबलवर असला तरी विमानाच्या हँगरमध्ये त्याचा जो अर्थ होतो तो न्हाणीघरात होत नाही.

अशा वेळी, आम्ही त्या कामासाठी विकलेच नव्हते, असे उत्पादकाला म्हणता येते आणि ते खरेही असते. परंतु छोट्या डब्यांचा खप कोणत्या प्रकारच्या ग्राहकांकडे वाढतो आहे, हे विक्री विभागाला बहुतेक वेळा ठाऊक असते. ते सुरक्षितता पाहणाऱ्यांपर्यंत पोहोचत नाही, एवढेच. म्हणून माझी पहिली सूचना माहितीपत्रकाविषयी नसून विक्रीच्या अर्जाविषयी आहे. नव्या ग्राहकाकडून माल कशासाठी, कोणत्या पद्धतीने आणि साधारण किती प्रमाणात वापरणार हे लिहून घ्या, वितरकालाही तेच विचारायला लावा, आणि वर्षातून एकदा प्रत्यक्ष खपाशी ताडून पाहा. युरोपीय संघात १ जून २००७ पासून लागू झालेल्या, रसायनांविषयीच्या रीच नियमांत ही दुहेरी वाट कायद्यानेच घातलेली आहे : वापरकर्ता आपला वापर पुरवठादाराला कळवू शकतो, आणि पुरवठादाराने सुचवलेले उपाय आपल्या जागी अपुरे आहेत असे दिसले तर ते वरच्या टप्प्याला कळवणे त्याच्यावर बंधनकारक असते. आपण त्या कायद्याच्या कक्षेत नसलात तरी ही पद्धत उचलायला कोणाची परवानगी लागत नाही. जो वापर सुरक्षित करणे शक्यच नाही, त्यासाठी माल नाकारण्याचा अधिकार मात्र कंपनीत कोणाला तरी लेखी दिलेला असावा; नाहीतर महिनाअखेरीस विक्रीचे उद्दिष्ट जिंकते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

वितरकाकडचा सर्वांत नाजूक क्षण म्हणजे मोठ्या ड्रममधून लहान कॅनमध्ये माल भरण्याचा. तिथे मूळ लेबल, बॅच क्रमांक आणि उत्पादकाचे नाव यांची मालाशी असलेली गाठ सुटते. २००६ मध्ये पनामात सर्दी-खोकल्याच्या औषधामुळे शंभराहून अधिक माणसे दगावली, त्याच्या मुळाशी ग्लिसरीनच्या नावाखाली आलेले डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक रसायन होते. ते ड्रम चीनमधून निघून स्पेनमधील व्यापाऱ्यामार्फत पनामात पोहोचले, प्रवासात शुद्धतेचे प्रमाणपत्र पुढे पुढे नकलले गेले, मूळ उत्पादकाचे नाव त्यातून गळले, आणि मधल्या एकाही हाताने माल तपासला नाही. तिथे मुळातच फसवणूक होती, त्यामुळे ते उदाहरण आपल्याला जसेच्या तसे लागू नाही. पण कागद शाबूत आहे म्हणून मालही तोच आहे, असे साखळीतल्या प्रत्येकाने धरून चालणे प्रामाणिक व्यवहारातही सर्रास आढळते. वितरकाशी होणाऱ्या करारात री-पॅकिंगची मुभा आहे की नाही, असल्यास लेबल कोणाचे आणि बॅचची नोंद कोण ठेवणार, हे स्पष्ट लिहा, आणि गोदामाला भेट देऊन पाहा. भेट ठरवून दिलीत तर गोदाम झाडलेले मिळेल, तेवढेच.

टँकर रिकामा करण्याचा टप्पा दोन कंपन्यांच्या सीमेवर येतो, म्हणून तो कोणाच्याच यादीत नसतो. अमेरिकेतील कॅन्ससमधल्या ॲचिसन येथे २१ ऑक्टोबर २०१६ रोजी सल्फ्युरिक आम्ल चुकून सोडियम हायपोक्लोराइटच्या (ब्लीचच्या) टाकीत उतरवले गेले आणि क्लोरीनसह विषारी वायूंचा ढग उठला. १४० हून अधिक लोकांना वैद्यकीय मदत घ्यावी लागली. दोन्ही टाक्यांच्या भरणनळ्या शेजारीशेजारी होत्या, दिसायला सारख्या होत्या, आणि चुकीच्या नळीला कुलूप नव्हते. या दोन द्रव्यांचा संयोग टाळावा हे कोणत्याही माहितीपत्रकात सापडते. कमतरता होती ती वेगळ्या मापाच्या जोडणीची, कुलपाची आणि चालक व कारखान्याचा माणूस या दोघांनी मिळून नळी ताडून पाहण्याची. मोठ्या प्रमाणात माल देत असाल, तर पहिली खेप उतरवण्यापूर्वी ग्राहकाची भरणजागा स्वतः पाहून येण्याइतका खर्च परवडायला हरकत नाही.

माहितीपत्रकाविषयी थोडक्यात. संयुक्त राष्ट्रांच्या रसायनांच्या जागतिक वर्गीकरण पद्धतीनुसार, जिची पहिली आवृत्ती २००३ मध्ये निघाली, माहितीपत्रकाचे सोळा विभाग असतात आणि ते भरणे अवघड नाही. अवघड असते ते आठव्या विभागात योग्य हातमोजे वापरावेत असे मोघम न लिहिता, कोणत्या पदार्थाचे आणि किती वेळ पुरणारे, हे लिहिणे. डायक्लोरोमिथेन साध्या नायट्राइल (एक प्रकारचे कृत्रिम रबर) हातमोज्यातून काही मिनिटांत आरपार जाते, आणि बाजारात तर सगळ्यात सहज मिळतो तो नायट्राइलच. पत्रक सुधारले की ते जुन्या ग्राहकांनाही पाठवा. रीचमध्ये मागील १२ महिन्यांत माल घेतलेल्या सर्वांना सुधारित पत्रक विनामूल्य देण्याची अट आहे, आणि ती पाळायची तर माल कोणाकोणाला गेला याची यादी आपल्याकडे असावी लागते. वितरकामार्फत विकणाऱ्यांची नेमकी इथेच अडचण होते.

हे सगळे प्रत्येक उत्पादनासाठी सारख्याच बारकाईने करणे लहान कंपनीला जमणार नाही, आणि करूही नये. कर्करोग किंवा प्रजननावर परिणाम घडवणारे घटक, लवकर उडून जाणारी द्रावके, आणि सामान्य ग्राहकाच्या हाती पडू शकणारी लहान वेष्टने, एवढ्यांपासून सुरुवात करा. घातक घटक बदलायचा विचार कराल तेव्हा पर्यायाचीही तितकीच कसून तपासणी करा. ग्रीस काढण्यासाठी जुन्या क्लोरीनयुक्त द्रावकांऐवजी आणलेल्या एन-प्रोपिल ब्रोमाइडने कामगारांच्या मज्जासंस्थेला इजा केल्याची उदाहरणे आहेत. रिकाम्या ड्रमकडेही दुर्लक्ष नको. ज्वालाग्राही द्रावकाच्या रिकाम्या ड्रममध्ये उरलेली वाफ भरलेल्या ड्रमपेक्षा सहज स्फोट घडवू शकते, आणि तो ड्रम गॅसने कापणाऱ्या भंगारवाल्याला आपले माहितीपत्रक कोणी दिलेले नसते. म्हणून ड्रम परत घेण्याची सोय करता आली तर ती इतर कशाहीआधी करा.

शेवटी एक छोटी गोष्ट, जी मला फार उशिरा सुचली. पूर्वी मी जिथे काम करत होतो, तिथे एका ग्राहकाकडे रात्री गळती झाली आणि त्याने पत्रकाच्या पहिल्या विभागातला आमचा आपत्कालीन क्रमांक फिरवला. तो वाजला विक्री विभागाच्या कुलूपबंद खोलीत. सकाळी फोनवर सात मिस्ड कॉल होते. आपल्या पत्रकावर कोणता क्रमांक छापला आहे ते पाहा, आणि एखाद्या रविवारी रात्री अकरानंतर तो स्वतः फिरवून बघा.