नळी लांब, म्हणून नेम अचूक?

नेम सुधारायला रायफलसाठी नवी, लांब नळी घ्यावी का, असं तुम्ही विचारलंत. नळी लांब असली की नेम आपोआप लागतो, हा समज आधी काढून टाका. लांबीमुळे मुख्यतः गोळीचा वेग वाढतो, तोही एका मर्यादेपर्यंत. पॉइंट टू-टूमध्ये, म्हणजे .22 इंच व्यासाची छोटी गोळी वापरणाऱ्या रायफलमध्ये, साधारण 16 ते 19 इंचांपुढे फारसा फायदा उरत नाही. उलट तेवढ्याच जाडीची आखूड नळी जास्त ताठ असते, म्हणजे गोळी सुटताना कमी थरथरते. दुर्बीण नसेल तर मात्र लांबी कामाला येते: पुढची आणि मागची साइट (नळीवरच्या नेम धरायच्या खुणा) एकमेकींपासून जितकी दूर, तितकी नेमातली चूक स्पष्ट दिसते.

तुम्ही सध्या एवढंच सांभाळा:

- ट्रिगर झटका न देता सरळ मागे दाबा.
- गोळी सुटल्यावरही क्षणभर तसेच स्थिर राहा. नवशिके लगेच मान वर करून निशाण बघतात, आणि तिथेच नेम बिघडतो.
- आपल्या नळीला कोणत्या गोळ्या मानवतात, ते दोन-तीन प्रकार मारून पाहा.

नवी नळी घ्यायचा विचार तूर्त नकोच.